सहा बायकांचा एक हात

“म्हणजे आत असंच असतं की नाही, एवढंच सांगा.”

जयराम तेंडोलकरने हे तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा त्याने अदबीने विचारलं होतं, दुसऱ्यांदा हसून. आता त्याच्या आवाजाला जरा धार आली होती.

इमाम मणेर चित्राकडे बघत होते.

चित्र दर्ग्याच्या ओवरीत, भिंतीला टेकवून उभं केलं होतं. सात फूट लांब, साडेचार फूट उंच. राजवाड्यापासून इथवर ते बैलगाडीतून आलं, दोन गोधड्या आणि एक सतरंजी यांत बांधून. आता गोधड्या पायरीवर पडल्या होत्या आणि भैरू गाडीवान त्यांच्यावर बसून तंबाखू मळत होता.

मंगळवारची दुपार. तीन वाजून गेले होते.



बेलसंगी संस्थानात इमाम मणेरांना सगळे बाबाच म्हणत. त्यांनी फकिरी घेतली नव्हती की कफनी घातली नव्हती. एकेचाळीस वर्षं त्यांनी गावात आणि राजवाड्यात बांगड्या भरल्या. बायको गेल्यावर बांगड्यांच्या माळा घेऊन ते दर्ग्याच्या ओवरीत येऊन बसले ते बसलेच. ज्यांना बांगड्या भरायच्या त्या तिथे येत. ज्यांना काही विचारायचं असे तेही येत. बाबा बहुतेकांना उलट काहीतरी विचारत, आणि माणूस त्याचं उत्तर शोधत घरी जाई.

जयराम विचारायला आला नव्हता. तो अंगठा घ्यायला आला होता.

त्याचं असं झालं. तरुण महाराजांनी विलायतेच्या प्रदर्शनासाठी चित्र काढायला सांगितलं. जयराम मुंबईच्या कलाशाळेत पदक मिळवलेला, वर्षभर पॅरिसला राहून आलेला. पहिले चार महिने त्याने पुण्याच्या शाळेतच काम केलं, मग तिथली चित्रकलेची नोकरी या चित्रासाठी सोडली. दोन वर्षं लागली. चित्राच्या चौकटीवर पितळी पट्टी बसली, पट्टीवर अक्षरं कोरली: ‘बेलसंगीचा राणीवसा’. शुक्रवारी पेटी स्टेशनावर जाणार होती. चित्र गेलं की जयराम दरबारी चित्रकार होणार, हे ठरल्यातच जमा होतं.

आणि मग थोरल्या आईसाहेबांचा निरोप आला.

राजवाड्यात गोषा कडक. राणीवशातल्या बायका परपुरुषापुढे येत नसत आणि परपुरुष आत जात नसे. खासगी कारभाऱ्यांनी विचारलं, चित्र आत पाठवू का, एकदा नजर घालता का? आईसाहेब म्हणाल्या, “आम्ही बघणार नाही. बरोबर म्हटलं तर आमचा गोषा गेला. चूक म्हटलं तर मग कसं असतं ते सांगा म्हणाल. इमाम मणेराला दाखवा. तो हो म्हणाला तर न्या. नाही म्हणाला तर उतरवून ठेवा.”

कारभाऱ्यांनी कागद तयार केला. ‘सदर चित्र पाहिले. आतील प्रकार याचप्रमाणे आहे.’ खाली अंगठ्यापुरती जागा.

तो कागद जयरामच्या कोटाच्या खिशात होता, आणि शाईची डबी हातात.

“बाबा, एकेचाळीस वर्षं तुम्ही आत जात होता.”

“जात होतो.”

“तुमच्याशिवाय परका पुरुष तिथे गेला नाही.”

“वैद्यबुवा जायचे. ते वारले.”

“म्हणजे सांगू शकणारे तुम्हीच.”

“काय सांगू शकणारा?”

“आतलं.”

बाबांनी मांडी बदलली.

“साहेब, मी पडद्याच्या अलीकडे बसायचो. जाड निळा पडदा. त्याला मधोमध वीतभर चीर ठेवलेली, कडेनं शिवून घेतलेली. चिरेतून हात यायचा. मी बांगड्या भरायचो. हात आत जायचा, दुसरा यायचा.”

“म्हणजे तुम्ही आत काहीच पाहिलं नाही?”

“हात पाहिले. तेही फार नाही.”

भैरूने तंबाखू दाढेत धरली. “घ्या,” तो म्हणाला. “वाजंत्री आणली लांबनं, आन् नवरा निघाला बहिरा.”

जयरामने त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. तसं पाहिलं तर ही गोष्ट त्याच्या फायद्याचीच होती. ज्याने पाहिलं नाही तो चूक कशी काढणार?

“मग चुकीचं आहे असंही तुम्ही म्हणू शकत नाही,” तो म्हणाला.

“तेही खरंच.”

“मग अंगठा द्यायला हरकत काय?”

बाबा उठले. गुडघ्यावर हात रोवून, सावकाश. चित्राजवळ जाऊन उभे राहिले.

जयरामला आपलं चित्र आवडत असे. आताही ते दुसऱ्याच्या नजरेने बघताना त्याला बरं वाटलं. संगमरवरी हौद, हौदावर वाफ. काठावर गालिचा, गालिच्यावर वाघाचं कातडं. कातड्यावर एक बाई पाठमोरी पहुडलेली, मान वळवलेली, कमरेपर्यंत उघडी. एक वीणा घेऊन बसलेली. एक हुक्का ओढणारी. दोघी पाण्यात. एक मोरपिसांचा पंखा घेऊन उभी. पहुडलेलीच्या हाताखाली, गालिच्यावर, लाल बांगड्यांचे चार-पाच तुकडे.

पॅरिसमध्ये त्याने अशी चित्रं पुष्कळ पाहिली होती. भिंतीच्या भिंती. तुर्कस्तानचे जनानखाने, अल्जीरियाच्या माड्या, कैरोतली न्हाणीघरं. गोऱ्या चित्रकारांनी काढलेली. त्यांच्यापुढे लोक टोपी काढून उभे राहत. जयरामही उभा राहिला होता. तुर्कस्तानच्या बाईला नथ घातली, गालिच्याच्या जागी आपल्याकडचा गालिचा टाकला, की ती बाई आपली होते असा त्याचा समज होता, आणि दोन वर्षांत कोणी त्याला त्याबद्दल हटकलं नव्हतं.

बाबांनी उजवा तळवा डोळ्यांपुढे आडवा धरला. चित्रातले चेहरे झाकले जातील असा. तळव्याखालून ते एकेका बाईचे हात बघत पुढे सरकले. मग परत मागे आले.

“ही एकच बाई आहे,” ते म्हणाले.

“सहा आहेत.”

“चेहरे सहा आहेत. अंगठ्याखालचा गड्डा बघा. हिचा. आता हिचा. आणि त्या हुक्केवालीचा. करंगळी बाहेर कललेली. लहानपणी मोडली असणार, बांधली नाही, तशीच बसली.” ते थांबले. “सहा जणींची करंगळी एकाच बाजूला मोडत नाही, साहेब.”

जयराम पुढे झाला. बघितलं.

खरं होतं. त्याने ती करंगळी सहा वेळा काढली होती, सहाही वेळा अचूक. ‘तेंडोलकरचे हात’ म्हणून कलाशाळेत त्याचं नाव होतं. बोटाचा कल त्याच्या डोळ्यांतून कुंचल्यात उतरला होता आणि मध्ये कुठेच थांबला नव्हता.

“मॉडेल एकच होती,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“बसायला येणारी बाई. तिला समोर बसवायचं आणि काढायचं. चेहरे नंतर बदलता येतात.”

“किती दिवस बसली?”

“चार महिने. रोज दोन तास.”

“नाव काय तिचं?”

जयराम आठवू लागला...

पुण्याच्या शाळेत सकाळी एक म्हातारा बसायला यायचा, त्याला सगळे ‘आठचा’ म्हणत. ही बारा वाजता यायची.

“बाराची,” तो म्हणाला.

“हे नाव आहे?”

“वेळ आहे.”

बाबांनी मान हलवली आणि जागेवर जाऊन बसले. चिडले नव्हते, हसले नव्हते. त्यांनी पुढ्यातली बांगड्यांची माळ उचलली आणि तिची गाठ सोडायला लागले, कारण पायरीपाशी एक बाई येऊन उभी होती.

पस्तिशी-चाळिशीची. डोक्यावर रिकामी पाटी, पाटीत वांग्याची दोन-चार पानं चिकटलेली. बाजार उरकून आली असावी. तिने पाटी खाली ठेवली, चुंबळ झटकली, आणि पायरीवर बसता बसता तिचं लक्ष चित्राकडे गेलं.

“बया. ह्या कोण?”

“राणीवशातल्या,” भैरू म्हणाला.

“राणीवशात कापड मिळंना व्हय आता?”

भैरू खोकल्यासारखं हसला. जयराम म्हणाला, “ही कला आहे, बाई. तुम्हाला नाही कळायची.”

“न्हाई बा. आमी वांगी इकतो.” ती चित्रापुढे वाकली. “आन् ह्या समद्या तिकडं काय बघत्यात? कोण आलंय?”

हा प्रश्न महाराजांनीही विचारला होता. जयरामचं उत्तर तयार होतं. “वाट बघताहेत. राजांची.”

“राजा डाव्या अंगानं येतो व्हय?”



“हिचं नाव काय?” तिने पहुडलेलीकडे बोट केलं.

“नाव न्हाई,” भैरूने परस्पर सांगितलं. “समद्या मिळून एकच बाई हाय. बाराची म्हणत्यात.”

“नाव न्हाई?” ती बाबांकडे वळली. “आमच्या म्हशीला सुद्धा नाव हाय.”

“काय?” भैरूने विचारलं.

“तुला कशाला पायजे? धार काढणार हायस?”

बाबा म्हणाले, “अक्का, बस. हात दे.”

ती बसली. जयरामने खिशातला कागद काढला, बाबांच्या मांडीजवळ ठेवला, त्यावर शाईची डबी ठेवली.

“बाबा, मला संध्याकाळपर्यंत कारभाऱ्यांकडे पोचायचंय. माझी दोन वर्षं आहेत यात. नोकरी सोडलीय. तुमच्या एका अंगठ्यावर सगळं अडलंय.”

“देतो ना,” बाबा म्हणाले.

जयरामला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

“देता?”

“या अक्काच्या दोन्ही हातांत बांगड्या भरा. सहा-सहा. भरून झाल्या की अंगठा देतो.”

“मी?”

“तुम्हाला हात कळतात. चित्रात दिसतंय.”

“आन् मला कुणी इचारलं?” बाई म्हणाली. “माझं हात काय शिकायला ठिवल्यात? परवा बहिणीच्या पोरीची हळद हाय.”

“तुझेच पाहिजेत, अक्का. बाकीच्या गप्प सोसतात. तू शिव्या देतेस, म्हणजे शिकणाऱ्याला कळतं कुठं दुखतं.”

ती हसली. मग जयरामला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“ह्यो कोण? कासार हाय का मणेर?”

“आजच्यापुरता मणेर.”

“मग चालतंय.” तिने उजवा हात पुढे केला. “ज्याच्या हातात माळ, त्यो मणेर.”

जयराम कोट काढून समोर बसला. मनात तो हसत होता. बारा बांगड्या. घटकाभराचं काम.

बाबांनी हिरव्या बांगड्या मोजून दिल्या. मापाच्या, म्हणजे हातापेक्षा लहानच. मनगटावर येऊन बसायच्या असतील तर तशाच लागतात. अंगठा आत दुमडायचा, गड्डा दाबून धरायचा, चारही बोटं जवळ घेऊन हाताची होडी करायची, आणि बांगडी फिरवत फिरवत वर न्यायची. बाबांनी हे सांगितलं एकदाच.

जयरामने तिचा हात धरला आणि बघितला.

तो हात बघायला शिकला होता. कातडीवरच्या रेघा, शिरांचा हिरवा पीळ, बोटांच्या पेरांवर वांग्याच्या काट्यांचे काळे ठिपके. मधल्या बोटाचा सांधा सुजून कायमचा जाड झालेला. सुंदर होता हात. त्याने तो जरा उजेडाकडे वळवला. सावली कुठे पडते ते पाहिलं. मग बांगडी चढवली.

सांध्यापाशी बांगडी अडली. त्याने डोळे बारीक करून जोर दिला.

कट.

“फुटली,” तो म्हणाला.

भैरूचं तोंड हलायचं थांबलं. बाईने हात ओढून घेतला, छातीशी धरला.

“जीभ हाय का कातर?” ती म्हणाली. “वाढवली म्हणावं.”

जयरामच्या कानाच्या पाळ्या तापल्या. नवरा असलेल्या बाईची बांगडी फुटत नाही, वाढते. फुटते ती विधवेची, तीही एकदाच. हे त्याला वेंगुर्ल्यात, बोबडं बोलत होता तेव्हापासून ठाऊक होतं. आई ओरडायची. मुंबई झाली, पॅरिस झालं, आणि मधेच कधीतरी तो शब्द तोंडातून निघून गेला.

“वाढवली,” तो म्हणाला. “चुकलं.”

बाबा तुकडे वेचत होते. वेचता वेचता त्यांनी चित्राकडे मान वळवली.

“तिथेही वाढल्यात,” ते म्हणाले. “गालिच्यावर.”

“ते... ते शोभेसाठी. लाडात, झटापटीत मोडतात तशा. पॅरिसला मी एका चित्रात तुटलेली मोत्यांची माळ बघितली होती. त्यावरून सुचलं.”

“कोणाच्या आहेत?”

“कोणाच्याच नाहीत.”

बाबांनी तुकडे एका फडक्यात बांधले.

“राजवाड्यात एक हात होता,” ते म्हणाले. “कोणाचा ते सांगणार नाही. तेवीस वर्षं मी त्यात बांगड्या भरल्या. मग एक दिवस वाड्यातून मोठ्यानं रडणं ऐकू आलं. त्या दिवशी मणेराला बोलावत नाहीत. त्या दिवसाचं काम दुसऱ्या करतात. तेराव्यानंतर मी बाकीच्यांसाठी गेलो. चिरेतून हात येत होते, जात होते. सगळ्यांत शेवटी तो आला... मोकळा.”



“मग तुम्ही काय केलंत?” जयरामने विचारलं.

“मी काय करणार? माझ्याकडे द्यायला बांगड्याच. धरला थोडा वेळ. मग तो आत गेला.”

बाबांनी दुसरी बांगडी पुढे केली.

दुसरी सांध्यावर वाढली. तिसरी गड्ड्यावर, आणि तिने बाईला एक बारीक रेघ ओढली. रक्ताचा एक थेंब आला. बाईने एकच शिवी दिली, पण ती जयरामच्या दोन पिढ्यांना पुरेल अशी होती. भैरूने मान खाली घालून ती मनात ठेवून घेतली.

“मी बरोबर धरतोय,” जयराम म्हणाला. घाम आला होता. “तुम्ही सांगितलं तसंच धरतोय. हिचा हातच ताठ आहे.”

“मघाशी ताठ नव्हता.”

“मग?”

“तुम्ही फार बघता, साहेब.”

“न बघता कसं भरणार?”

“बघितलं की हात आखडतो.” बाबांनी खांद्यावरचं फडकं बाईला दिलं, तिने ते गड्ड्यावर दाबलं. “माणूस बघतोय हे हाताला डोळ्यांआधी कळतं. तिकडे बघा.”

“कुठे?”

“कुठेही. ती चिंच आहे, तिच्याकडे बघा.”

जयरामला हे पोरकट वाटलं. पण कागद तिथे होता, शाईची डबी तिथे होती. तो चिंचेकडे बघू लागला. हात त्याने अंदाजाने धरला.

चिंच मोठी होती. एका फांदीवर कोणीतरी नवसाची हिरवी चिंधी बांधली होती...

थोडा वेळ काहीच झालं नाही. बांगडी बोटांशीच घुटमळत होती. मग बाई बोलायला लागली. त्याच्याशी नाही, बाबांशी. बहिणीची पोर काळीसावळी आहे पण नवऱ्याकडच्यांनी स्वतः मागणी घातली. बहिणीला दम लागतो, मांडवाचं सगळं हिच्याच अंगावर. हा सांधा मोटेच्या नाड्यात सापडला होता, त्याला सात वर्षं झाली. बाबांना माहीत आहे, त्या वर्षी तर बांगडी चढतच नव्हती, बाबांनी साबण लावून दोन-दोन घटका हात चोळला होता.

जयराम ऐकत होता. सांधा कुठल्या बाजूने अडतो ते त्याच्या अंगठ्याला कळायला लागलं. तो तिथे थांबू लागला. थांबला की हात आपोआप सैल पडायचा. तेवढ्यात बांगडी पुढे सरकायची.

एक गेली.

त्याने वळून पाहिलं नाही.

दुसरी गेली. तिसरीला ती “थांबा” म्हणाली, तो थांबला. मग “हं” म्हणाली. सहाव्या बांगडीपर्यंत दोघांत याच्याखेरीज शब्द झाला नाही. ‘थांबा’ आणि ‘हं’.

डावा हात उजव्यापेक्षा मऊ होता. तिथे नवव्या-दहाव्या बांगडीला जयरामने, चिंचेकडेच बघत, विचारलं, “नाव काय तुमचं?”

“माझं?”

“हो.”

“गौराबाई. का?”

“काही नाही.”

“इचारायला काय कारण लागतंय व्हय?” ती म्हणाली, आणि बाराव्या बांगडीसाठी बोटं आपणहून जवळ घेतली.

झालं. गौराबाईने दोन्ही हात वर करून बांगड्या वाजवून बघितल्या. मग पदर सारखा केला आणि जयरामपुढे वाकून नमस्कार केला. तो दचकून मागे सरकला.

“अहो, मला कशाला?”

“तुमाला कोण करतंय? बांगडी भरणाऱ्या हाताला करायचा असतोय.” तिने पाटी उचलली. चित्राजवळून जाताना क्षणभर थांबली. पहुडलेल्या बाईकडे बघून म्हणाली, “आवघडली आसंल गं,” आणि पायऱ्या उतरून गेली.

बाबांनी शाईची डबी उघडली. अंगठा शाईत दाबला. काळा झालेला अंगठा वर धरून म्हणाले, “आणा तो कागद.”

जयरामने कागद उचलला.

कागद हातात घेऊन तो चित्राकडे वळला. सहाही बायका डावीकडे बघत होत्या, जरा वर. ते स्वप्नाळू डोळे काढताना त्याने फार मेहनत घेतली होती. पुण्याच्या शाळेत, बसायच्या चौथऱ्यासमोर डाव्या हाताला काय होतं ते त्याला आता आठवलं. भिंतीवर घड्याळ होतं. दोन वाजले की तिला जाता यायचं.

चार महिने ती घड्याळ बघत होती. त्याने ते सहा वेळा काढलं होतं. अचूक.

“साहेब, शाई वाळते.”

जयरामने कागदाची घडी घातली. घडीची आणखी एक घडी घातली आणि खिशात ठेवली.

“नको, बाबा.”

“मी शब्द दिला होता.”

“माहीत आहे.”

“शुक्रवारी पेटी जाणार म्हणालात.”

“महाराज दुसरं काहीतरी पाठवतील. त्यांच्याकडे वाघाची कातडी पुष्कळ आहेत.”

“आईसाहेबांना काय सांगाल?”



“मणेर हो म्हणाले होते, म्हणून सांगेन. चित्रकार नाही म्हणाला.”

बाबांनी अंगठा फडक्याला पुसला. शाई नीट निघाली नाही. त्यांनी ती तशीच राहू दिली.

“म्हंजे ह्ये परत बांधायचं?” भैरूने विचारलं.

“बांध.”

“परत राजवाड्याला?”

“नाही. माझ्या बिऱ्हाडी.”

“घरात मावंल?”

“नाही मावायचं.”

भैरूने पुढे विचारलं नाही. त्याने सतरंजी झटकली, चित्रावर टाकली, वरून गोधड्या घेतल्या आणि सुंभाने आवळायला लागला. आवळताना तो गोधडीला हळूच “सरका, बाई” म्हणाला. त्यात थट्टा होती की नव्हती, ते सांगता यायचं नाही.

दरबारी नेमणूक गेली होती. पुण्याची नोकरी दुसऱ्या कोणाला मिळाली होती. जयराम हे सगळं ओवरीच्या खांबाला टेकून पुन्हा एकदा मनात मांडून बघत होता, आणि त्याला भीती वाटत होती, हेही खरं. तरी तो उठला नाही. गाडी बांधून तयार झाली, बैल जुंपले, तरी उठला नाही.

मग त्याने कोटाच्या आतल्या खिशातून छोटी वही काढली. पेन्सिल काढली. जिथे जाईल तिथे दिवसाला एक तरी चित्र काढायचं अशी त्याची वीस वर्षांची सवय होती. गौराबाईचा हात काढावा म्हणून त्याने पेन्सिल टेकवली.

पेन्सिल टेकलेलीच राहिली...

बाबा उरलेल्या बांगड्या माळेत ओवत होते.

“बाबा,” जयराम म्हणाला, “बांगड्या चढल्या तेव्हा मी तिच्या हाताकडे बघितलंच नाही. सगळा वेळ चिंच बघत होतो.”

बाबांनी माळेची गाठ मारली.

“मग आता काढ.”